सातापाशी मुंगी नव्हती

१

पेटी उघडली तेव्हा सगळं जागच्या जागी दिसत होतं. तरीही काहीतरी चुकलंय हे थोरलीला लगेच जाणवलं.

लाकडी पेटी, आत हिरव्या कापडाचे खण आणि खणाखणात एकेक घड्याळ. बाबांनी उभ्या आयुष्यात जमवलेली एवढीच काय ती माया. छापखान्यातली नोकरी, त्यामुळे हौसेला कुंपण घालणं भाग होतं. चपलांच्या एका जोडापेक्षा महाग घड्याळ घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून पेटीत एकही बडं प्रस्थ नव्हतं. कुणा कारकुनाचं, कुणा शिक्षिकेचं, कुणी परीक्षा पास झाल्यावर मिळालेलं आणि पुढे नातवंडांनी रद्दीबरोबर काढून टाकलेलं. जुन्या बाजारात फुटपाथवरच्या चादरीवर पडलेली ही मंडळी बाबा उचलून आणत, पुसत, किल्ली देत आणि कानाला लावून डोळे मिटून बसत. त्यांची बहीण, म्हणजे आत्या, या पेटीला अनाथाश्रम म्हणायची.

बाबा जाऊन महिना झाला होता. पेटीचं काय करायचं ते ठरवायला सगळे जेवणाच्या टेबलाभोवती जमले होते. आई आरशासमोर अंबाड्यात पिना खोवून आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. धाकटा खिडकीला टेकून उभा होता. आत्या सुपारी कातरावी तशी नजर फिरवत होती. ती विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायची. जळालेली गोदामं आणि चेपलेल्या गाड्या बघण्यात तिची उमर गेली होती, आणि निवृत्त झाल्यावर ती नजर कुठे ठेवावी हे तिला अजून कळलं नव्हतं.

"मला एकच हवं," थोरली म्हणाली. "रोजचं."

रोजचं म्हणजे बाबांच्या मनगटावरचं. स्टीलचं, साधं, चहाच्या डागासारख्या पिवळट तबकडीचं. तिने ते मधल्या खणातून उचललं. पट्टा बाबांचाच होता, तपकिरी, घामाने काळवंडलेला, आजारात हात बारीक झाल्यावर खिळ्याने पाडलेल्या जादा भोकासकट. तिने तबकडी बघितली आणि घड्याळ खाली ठेवलं.

"हे बाबांचं नाही."

"अगं, पट्टा तर..." धाकटा म्हणाला.

"सातापाशी मुंगी नाही."

लहानपणी ती या घड्याळावर वेळ बघायला शिकली होती. कधीतरी आत ओल शिरून साताच्या आकड्याशेजारी एक काळा डाग पडला होता. त्याला बारीक पाय होते. बाबा म्हणायचे, मुंगीला विचार किती वाजले. या तबकडीवर सात अगदी स्वच्छ होता.

आपल्याला आता धक्का बसायला हवा, असं तिला वाटलं. बसला नाही. महिनाभर तिला काहीच बसत नव्हतं, लागत नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि मग गाल दुसऱ्याचाच वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. लोक भेटायला आले तेव्हा तिने चहा केला, कागदपत्रांवर सह्या केल्या, बाबांचे कपडे घड्या घालून ठेवले. रडली नाही. बाबा गेले त्या सकाळी ती दवाखान्यातून अंघोळीला म्हणून घरी आली होती आणि डोक्यावर पाणी घेत असतानाच फोन वाजला होता. तिथून पुढचं सगळं काचेपलीकडे चाललं होतं. तिला त्या घड्याळाची आस होती ती एवढ्यासाठीच. ते मनगटावर आलं की काहीतरी जाणवेल, असं तिने मनाशी धरलं होतं.

"कुणीतरी बदललंय," ती म्हणाली. तिचा आवाज वाणसामान सांगताना असतो तसाच होता.

२

आत्याने पर्समधून चष्मा काढला. तिच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा जरा रंग आला, आणि त्याची तिला लगेच लाजही वाटली.

"वहिनी, दवाखान्यातून सामान कुणी आणलं?"

"मीच," आई म्हणाली. "पिशवीतून. पेटीत ठेवलं."

"पेटीला कुलूप?"

"कशाला कुलूप? चोर आला असता तर यांनीच त्याला बसवून एकेक घड्याळ दाखवलं असतं."

आत्याने घड्याळ उलटसुलट केलं. पट्टा जिथे घड्याळाला जोडतात तिथे स्टीलवर ताजे ओरखडे होते, एक-दोन नाही, चांगले खरवडल्यासारखे. पट्टा दोन्ही टोकांना बारीक दांड्यांवर बसतो. वरची दांडी ठीक होती, पांढरी, स्प्रिंगची. खालची भलतीच होती, काळ्या तारेचा वाकवलेला तुकडा. आत्याने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि घड्याळ रुमालात गुंडाळलं.

"असलंच दुसरं घड्याळ आलं कुठून?" धाकट्याने विचारलं.

"रक्तदाते," थोरली म्हणाली.

पोह्याच्या जुन्या डब्यात बाबांनी रोजच्या घड्याळाची भावंडं ठेवली होती. कंपनी बंद पडून जमाना झालेला, सुटे भाग मिळायचे नाहीत. म्हणून तसलंच बिघडलेलं घड्याळ दिसलं की बाबा घेऊन ठेवत. उद्या याचं चाक गेलं तर त्याचं काढून बसवता येईल. त्यांना ते रक्तदाते म्हणायचे. थोरलीने डबा आणून उघडला. आत एकच रक्तदाता उरला होता, तोही बिनकाट्यांचा.

"दोन होते," ती म्हणाली. "म्हणजे घरातलंच रक्त चोराने घरात चढवलं."

"डबा कुणाला माहीत होता?"

"सगळ्यांना. घड्याळजींना, भिंगवाल्या काकांना, आम्हाला."

"मग सगळ्यांना विचारू," आत्या उठत म्हणाली. "चल. तू पण चल. घरात बसून काय भिंतींना पाणी घालणार आहेस?"

३

घड्याळजींचं दुकान दोन इमारतींच्या मधल्या फटीत होतं. एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. बाबांनी आणलेल्या प्रत्येक अनाथाची पहिली तपासणी इथे व्हायची.

"घड्याळ बदललं?" घड्याळजींनी डोळ्यावरची काच कपाळावर सरकवली. "मग मला विचारायला आलात. बरोबर आहे. माझ्याकडेच हत्यारं आहेत."

"संशय नाही हो," आत्या म्हणाली.

"असू द्या. असायलाच हवा. पण मी हे केलं असतं तर या ताईंना मुंगीसुद्धा जागेवर दिसली असती." त्यांनी घड्याळ प्रकाशात धरलं आणि तोंड वाकडं केलं. "हे कुणी केलंय? कुणीतरी कांदा सोलावा तसा पट्टा बसवलाय. आणि ही खाली काय तार घातली?"

"तुम्हीच सांगा."

"मी घड्याळाचं सांगेन. तारेचं नाही. चालतं का हे?"

त्यांनी किल्ली दिली, कानाला लावलं, हलवलं. आतून काही आवाज आला नाही.

"तेल आटून गोंद झालाय. बाकी तुटलंय असं वाटत नाही. तुमचे बाबा असते तर मुठीत धरून बसले असते."

थोरलीला ते माहीत होतं. बंद घड्याळ मुठीत घट्ट धरायचं, ऊब लागली की जुनं तेल सुटतं आणि कधीकधी घड्याळ आपणहून चालू होतं. बाबा टीव्ही बघताना एक मूठ मिटलेली ठेवत. पाहुण्यांना वाटायचं, माणूस रागावलाय.

आत्याने पर्समधून एक नवा पट्टा काढला. "जाताजाता माझ्या घड्याळाला एवढा बसवून द्या."

घड्याळजींनी न बघता, बोलता बोलताच तो बसवला. थोरलीने पैसे दिले. वाटेत आत्याने आपलं मनगट तिच्यापुढे धरलं.

"बक्कल कुठल्या बाजूला आहे?"

"वर. बाराच्या बाजूला."

"आणि तुझ्या बाबाच्या पट्ट्याला?"

"खाली. सहाकडे. पण ते बाबांचंच उलटं होतं. मशीनमध्ये अंगठा सापडल्यापासून तो वाकायचा नाही, म्हणून ते पट्टा उलटा लावून घ्यायचे. घड्याळजींना दर वेळी सांगावं लागायचं. ते विसरायचे, आणि बाबा घरी येऊन चिडायचे."

"हं," आत्या म्हणाली, आणि भिंगवाल्या काकांच्या घराकडे वळली.

४

भिंगवाले काका बाबांचे जुने मित्र आणि जुने शत्रू. शर्टाच्या खिशात भिंग ठेवल्याशिवाय ते भाजी आणायलाही जात नसत. एकाच चादरीवरच्या एकाच घड्याळावर दोघांचा हात पडला की आठवडाभर अबोला असायचा. रोजच्या घड्याळावर तर त्यांचा कायमचा डोळा होता.

"मागितलं होतं मी," त्यांनी सरळ कबूल केलं. "दहा वेळा. त्याने मला उत्तर म्हणून मूठ दाखवली. पण चोरायचं? मी घालून मिरवणार कुठे? त्या मुंगीला ओळखत नाही असा एक माणूस आहे का आमच्यात?"

हे मात्र खरं होतं. त्यांच्या जगात ते घड्याळ बाबांच्या चेहऱ्याइतकंच ओळखीचं होतं. विकायचं म्हटलं तरी त्याला फार कुणी विचारलं नसतं.

"मग किंमत कुणी विचारली तुम्हाला?" आत्याने अंधारात खडा टाकला.

भिंगवाल्यांनी भिंग पुसायला घेतलं. पुसून झालं तरी पुसत राहिले.

"बोला."

"तुमचा भाचा आला होता. गेल्या आठवड्यात. पेटी एकगठ्ठा काढली तर कुणी घेईल का, म्हणून. मी म्हटलं, पोरा, जरा थांब. तर म्हणाला, आई रोज ती पेटी उघडून बसते, मला बघवत नाही."

थोरलीने शेवटचं वाक्य ऐकलं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. पहिलंच पोचलं. धाकटा. ती चप्पल घालून निघाली, आणि आत्याला तिला गाठायला धावावं लागलं.

५

"तू विकलंस."

धाकटा ताटावर बसला होता. आई वाढत होती. थोरली दारातच उभी राहिली, आणि आपण भावाला चोर म्हणतोय हे तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावं तसं ऐकू आलं.

"काय बोलतेस, ताई?"

"पेटीची किंमत विचारायला गेला होतास. ते एक तेवढं मला हवं होतं. दवाखान्यातच मी सांगितलं होतं, आईसमोर. आई हो म्हणाली होती. तुला माहीत होतं."

आईने भातवाढी खाली ठेवली. तिने तोंड उघडलं.

"मी विकलं," धाकटा एकदम म्हणाला. "हो. विकलं. दुसरं आणलं डब्यातून आणि एका दुकानातून पट्टा चढवून घेतला. झालं समाधान?"

धाकट्याने ताट सरकवलं.

"मग नीघ," थोरली म्हणाली. "मला तुझं तोंड बघायचं नाही. आत्ताच नाही, पुढेही नाही."

हे बोलतानासुद्धा तिला राग येत नव्हता. तेच सगळ्यात भयंकर होतं. एखाद्या रिकाम्या खोलीचा दिवा बंद करावा तसं ती भावाला बंद करत होती. धाकटा उठला, हात धुतले आणि खुंटीवरची पिशवी घेतली.

"पिशवी ठेव," आत्या म्हणाली. "आणि बस. खोटा दावा मी दुरून ओळखते, तुझा तर फारच कच्चा आहे."

६

आत्याने रुमाल सोडून घड्याळ ताटाशेजारी ठेवलं.

"कुठल्या दुकानात चढवलास पट्टा?"

"आहे एक. बाजारात."

"दुकानदार बक्कल वर लावतो. त्याचे हात डोळे मिटूनही तसंच करतात. तुझ्या बाबाला ओळखणारे घड्याळजीसुद्धा दर वेळी तीच चूक करायचे. हे बक्कल खाली आहे. हे ज्याने बसवलं त्याला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही, ओरखडे बघ केवढे आहेत. पण बाबा सकाळी पट्टा कसा बांधायचा ते मात्र त्याला पाठ आहे. म्हणजे घड्याळजी गेले, भिंगवालेही गेले. उरलं घर."

"मीच बसवला. घरी. दुकानाचं खोटं बोललो."

"बरं. मग ही तार कसली?"

धाकट्याने बघितलं. ती तार त्याने याआधी नीट पाहिलीच नव्हती.

"एक दांडी हरवलेली होती," आत्या म्हणाली. तिचा आवाज आता दावे तपासणारीचा राहिला नव्हता. "पट्टा बाबाचा, पण त्याची एक दांडी नाही. म्हणजे घाईघाईने, भलत्याच जागी कुणीतरी तो आधीच काढला होता, आणि दांडी उडाली. मग घरी येऊन या दुसऱ्या घड्याळाला बसवताना हाताशी होतं ते घातलं. आणि तू खोटं नेमकं कधी बोललास ते मी बघितलं, राजा. वहिनीने तोंड उघडलं तेव्हा."

थोरलीने आईकडे बघितलं. मग आईच्या अंबाड्याकडे. काळ्या तारेच्या पिना, एकीशेजारी एक.

आई खुर्चीवर बसली. तिने पदराने टेबलावरची शितं गोळा केली आणि मुठीत धरून ठेवली.

"हात सुजला होता त्यांचा," ती म्हणाली. "सुईमुळे. पट्टा बसेना, बक्कल टोचायला लागलं. नर्स म्हणाली, घड्याळ काढा. ते काही सोडेनात. मग मी पट्टाच काढला, पिनेने. एक दांडी उडाली, हा पलंगाखाली रांगत शोधत होता. नुसतं घड्याळ दिलं त्यांच्या हातात. बंद पडलं होतं, दोन दिवस किल्लीच नव्हती दिली कुणी. त्यांनी मूठ मिटली. मला म्हणाले, होईल सुरू."

"मग?"

"मग तू अंघोळीला गेलीस."

थोरलीचे हात टेबलाच्या कडेवर होते. कड तिला जाणवत होती. लाकूड, त्याचा एक टवका उडालेला.

"मूठ उघडवेना मला," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, घड्याळ घ्या काढून. हाही म्हणाला, आई, ताईने मागितलंय. मी नाही काढलं. तसंच स्मशानात नेलं त्यांना. तुझं होतं ते, मी तुला हो म्हटलं होतं, आणि मी देऊन टाकलं."

"मला सांगायचं ना, आई."

"कुणाला सांगायचं? तू होतीस कुठे? इथेच होतीस, चहा करत होतीस, सह्या करत होतीस. महिना झाला पोरी, तू एकदा रडली नाहीस. मला रात्र रात्र झोप नाही. मला वाटलं, घड्याळ हातात आलं की रडशील. म्हणून डब्यातलं घेतलं. मुंगी माझ्या ध्यानातच आली नाही. ती तुमची दोघांची गंमत, मी कधी नीट बघितलीच नव्हती."

आत्याने चष्मा काढून पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

"आणि हा विकलं म्हणाला, तेव्हा मी गप्प बसले," आई म्हणाली. "ते माझं चुकलंच. तू त्याला नीघ म्हणालीस तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना. भीतीच वाटली."

थोरलीने भावाकडे बघितलं. पिशवी अजून त्याच्या खांद्यावर होती.

"दांडी सापडली होती?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "सगळा वॉर्ड शोधला. बाबा वरून सांगत होते, डावीकडे बघ, डावीकडे. त्यांना दिसतही नव्हतं काही."

"पेटी विकायला का गेलास?"

"आई रोज दुपारी ती उघडून हे घड्याळ हातात घेते आणि तुझी वाट बघते. तुला कळणार तर नाही ना, म्हणून. मला वाटलं, पेटीच गेली तर सुटेल."

थोरलीने पिशवी त्याच्या खांद्यावरून काढून खुंटीला लावली. मग ती परत येऊन बसली.

"तिकडे," ती आईला म्हणाली, "सुरू झालं होतं का ते?"

आईने मान हलवली. "झालं. मी वाकून कान लावला होता मुठीला. त्यांना सांगितलं, सुरू झालंय हो. मग त्यांच्या बोटांतूनच किल्ली दिली. अडेपर्यंत दिली."

आत्या मध्ये पडली, तिला राहवेना. "उद्या घड्याळजींकडून यात नीट दांडी बसवून आणू. तारेने मनगट खरचटेल तिचं."

"नको," थोरली म्हणाली. "पिन राहू दे."

तिने टेबलावरचं घड्याळ उचललं, बंद, थंड, सातापाशी स्वच्छ. किल्ली घड्याळजींनी दिलेलीच होती. तिने ते तळहातावर ठेवून मूठ मिटली. आईने हातातली शितं ताटात टाकली आणि आपला ओलसर हात त्या मुठीवर ठेवला.

"घट्ट धर," आई म्हणाली. "असं नाही. अजून."

थोरलीने अजून घट्ट धरलं. पिनेचं टोक तळव्यात रुतलं. दुखलं. दुखतंय, असं ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, आणि तिसऱ्यांदा तिला ते म्हणता आलं नाही, कारण तोंड वाकडं झालं होतं आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. धाकट्याने मागून येऊन तिचं डोकं पोटाशी धरलं. ताटातला भात गार झाला. मुठीतलं घड्याळ सुरू झालं की नाही, हे बघायचं त्यानंतर बराच वेळ कुणालाच सुचलं नाही.